विश्लेषण : बोत्सवानाच्या महिला न्यायालयात जिंकतात, मग निवडणुकीत का मागे पडतात?

नागरिकत्व, वारसा आणि जमीन या तिन्ही हक्कांवर बोत्सवानातील महिलांनी गेल्या तीन दशकांत मोठे विजय मिळवले. तरीही तिथल्या संसदेत महिलांचे प्रमाण १० टक्क्यांच्याही आत आहे. शेजारच्या नामिबियात मात्र राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष आणि संसदेचे अध्यक्षपद अशी तिन्ही पदे २०२५ मध्ये महिलांकडे आली. असे का घडले?

बोत्सवानाची चर्चा का?

दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेला असलेला, जेमतेम २३ लाख लोकसंख्येचा हा देश हिऱ्यांसाठी ओळखला जातो. आफ्रिकेतील स्थिर लोकशाहीचे उदाहरण म्हणूनही त्याचे नाव घेतले जाते. १९६६ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यापासून तिथे ठरल्या वेळी निवडणुका होत आल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर ५८ वर्षे सत्तेत असलेल्या बोत्सवाना डेमोक्रॅटिक पक्षाला मतदारांनी घरी बसवले. या पक्षाला केवळ चार जागा मिळाल्या आणि ड्यूमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले. सत्तांतर शांततेत पार पडले.

मात्र, या ऐतिहासिक बदलात एक गोष्ट बदलली नाही. ६१ मतदारसंघांतून निवडून आलेल्या महिला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या. नोंदणीकृत मतदारांमध्ये महिला निम्म्याहून अधिक असताना हे चित्र आहे.

‘खोत्ला’ म्हणजे काय?

बोत्सवानातील सार्वजनिक जीवन समजून घ्यायचे तर ‘खोत्ला’पासून सुरुवात करावी लागते. गावच्या प्रमुखाच्या, म्हणजे ‘खोसी’च्या, अंगणातली ही सभा. तंटे इथेच मिटतात, गावाचे निर्णय इथेच होतात आणि सरकारलाही नवे धोरण आणताना इथे येऊन लोकांना समजावून सांगावे लागते. खोत्लात बोललेला प्रत्येक शब्द सुंदर असतो, अशी सेत्स्वाना भाषेतली म्हण आहे. कोणीही न घाबरता बोलावे, असा तिचा अर्थ.

पण हे ‘कोणीही’ म्हणजे परंपरेने पुरुषच. महिलांनी बोलावल्याशिवाय तिथे यायचे नाही, अशी रीत होती. गायींना कळपाच्या पुढे चालू दिले तर कळप घळीत पडतो, अशी दुसरी म्हणही याच भाषेत आहे. महिलांच्या नेतृत्वाचा विषय निघाला की ती आजही ऐकवली जाते. आता महिला खोत्लात येतात आणि बोलतातही. तिथपर्यंतच्या वाटेतला महत्त्वाचा टप्पा ठरला तो एका आईने लढवलेला खटला.

युनिटी डाऊ खटला काय होता?

युनिटी डाऊ या बोत्सवानाच्या वकील. त्यांनी १९८४ मध्ये एका अमेरिकी नागरिकाशी विवाह केला. हे दाम्पत्य बोत्सवानातच राहत होते. त्यांची तिन्ही मुले तिथेच वाढत होती. मात्र, त्याच काळात आलेल्या नागरिकत्व कायद्याने विवाहित जोडप्याच्या मुलाला केवळ वडिलांकडून नागरिकत्व मिळेल, असे ठरवले. मूल विवाहाबाहेर जन्मले असेल तरच आईचे नागरिकत्व ग्राह्य धरले जाणार होते.

परिणाम विचित्र झाला. डाऊ यांचे पहिले अपत्य विवाहाआधीचे, म्हणून ते बोत्सवानाचे नागरिक. विवाहानंतरची दोन्ही मुले मात्र जन्मभूमीतच परदेशी ठरली. एकाच घरातल्या, एकाच आईच्या तीन मुलांपैकी दोघांना आपल्याच देशात राहण्यासाठी परवान्याची गरज होती. हेच लग्न बोत्सवानाच्या पुरुषाने परदेशी महिलेशी केले असते, तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

डाऊ यांनी १९९० मध्ये या कायद्याला आव्हान दिले. राज्यघटनेतील भेदभावाच्या व्याख्येत तेव्हा वंश, जमात, रंग, धर्म यांचा उल्लेख होता. ‘लिंग’ हा शब्द नव्हता. समाज पितृसत्ताक असल्याने तो जाणीवपूर्वक वगळला आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता. उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो फेटाळला. जुलै १९९२ मध्ये अपील न्यायालयानेही तीन विरुद्ध दोन अशा मतांनी डाऊ यांच्या बाजूने कौल दिला. मूलभूत हक्क स्त्री-पुरुष सर्वांना आहेत, असे राज्यघटना तिसऱ्या कलमात स्पष्ट सांगते; तेव्हा एका यादीत शब्द नाही म्हणून हक्क काढून घेता येणार नाही आणि रूढी राज्यघटनेपेक्षा मोठी नाही, असे न्यायालयाने मानले. १९९५ मध्ये संसदेने कायदा बदलला. आई किंवा वडील यांपैकी कोणीही नागरिक असेल, तर मूल नागरिक ठरू लागले.

त्यानंतर आणखी काय बदलले?

निकालांची आणि कायद्यांची मालिकाच सुरू झाली. १९९८ मध्ये स्वतः डाऊ उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. २००३ मध्ये बालेते जमातीच्या प्रमुखपदी मोसादी सेबोको यांचा अभिषेक झाला. देशातील प्रमुख जमातींपैकी एखादीच्या सर्वोच्च पदावर प्रथमच महिला आली. ‘मोसादी’ या शब्दाचा अर्थच ‘स्त्री’. ज्या खोत्लात बायकांनी बोलावल्याशिवाय यायचे नाही, त्याच खोत्लाचे प्रमुखपद आता एका स्त्रीकडे होते. २००४ च्या कायद्याने नागरी विवाहातील पतीचा पत्नीच्या मालमत्तेवरील अधिकार संपुष्टात आणला.

२०१२ मध्ये एडिथ म्मुसी या ऐंशीच्या घरातील आजी आणि त्यांच्या बहिणी न्यायालयात जिंकल्या. कान्ये गावातले वडिलोपार्जित घर या बहिणींनी स्वतःच्या पैशाने सांभाळले, वाढवले होते. पण घराचा वारसा धाकट्या मुलाच्या वंशाकडे जातो, या रूढीच्या आधारे पुतण्याने त्यावर हक्क सांगितला आणि पारंपरिक न्यायालयाने तो मान्यही केला. उच्च न्यायालयाने मात्र केवळ स्त्री आहे म्हणून वारसा नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. सप्टेंबर २०१३ मध्ये अपील न्यायालयानेही घर बहिणींकडेच राहील, यावर शिक्कामोर्तब केले. २०२० मध्ये जमीन धोरण बदलले. पतीच्या नावावर आधीच जमीन असली, तरी पत्नीला स्वतंत्रपणे जमीन मिळवण्याचा मार्ग मोकळा झाला.

मग संसदेत महिला का नाहीत?

याचे उत्तर निवडणूक पद्धतीत आहे. बोत्सवानात आपल्या लोकसभा-विधानसभेसारखीच पद्धत आहे : एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी आणि सर्वाधिक मते मिळवणारा विजयी. महिलांसाठी राखीव मतदारसंघ नाहीत. पक्षांवर ठरावीक प्रमाणात महिलांना उमेदवारी देण्याचे बंधन नाही. पक्षांना सरकारी निधीही मिळत नाही. त्यामुळे प्रचाराचा मोठा भार उमेदवाराच्याच खिशावर पडतो.

पक्षांतर्गत निवडणूक हा आणखी एक अडसर. मुख्य निवडणुकीआधी इच्छुकांना पक्षाच्या सदस्यांची मते मिळवावी लागतात. म्हणजे एकदा नव्हे, दोनदा प्रचार, दोनदा खर्च. गाडी, पेट्रोल, कार्यकर्त्यांचे जेवण आणि महिनोन्‌महिने मतदारसंघात फिरण्याची मोकळीक ज्याच्याकडे आहे, तो इथे पुढे जातो. घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या महिलेसाठी ही पहिलीच पायरी उंच ठरते.

मतदारच महिलांना नाकारतात का?

२०१९ च्या निवडणुकीचे आकडे वेगळेच सांगतात. त्या वेळी ५७ जागांसाठी २१० उमेदवार रिंगणात होते. त्यात महिला अवघ्या ११. त्यापैकी तीन निवडून आल्या. म्हणजे दर चार महिला उमेदवारांमागे साधारण एक जिंकली. पुरुष उमेदवारांचे यशाचे प्रमाणही जवळपास तेवढेच होते. ११ हा आकडा लहान असल्याने त्यावरून मोठा निष्कर्ष काढणे योग्य नाही. पण मतदार महिलेला मत देतच नाहीत, या समजाला त्यातून आधार मिळत नाही. मुळात मतपत्रिकेवर महिलांची नावेच नव्हती.

विजयी तिघींपैकी अॅना मोखेती यांनी राजधानी गॅबरोनमधील एका मतदारसंघात चक्क विरोधी आघाडीच्या नेत्याला हरवले होते. ते नेते म्हणजे ड्यूमा बोको, पाच वर्षांनी राष्ट्राध्यक्ष झालेले.

‘विशेष निवड’ हा उपाय आहे का?

बोत्सवानाच्या राज्यघटनेत काही ‘विशेष निवडलेल्या’ सदस्यांची तरतूद आहे. सध्या अशा सहा जागा आहेत. राष्ट्राध्यक्ष नावे सुचवतात आणि सभागृह त्यांना निवडते. २०१९ मध्ये या मार्गाने आलेल्या महिलांमुळे संसदेतील त्यांचे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास पोहोचले होते. सध्याच्या मंत्रिमंडळात आलेल्या बोगोलो केनेवेंडो आणि लेसेगो चोम्बो या दोघीही याच मार्गाने संसदेत आल्या.

खुद्द युनिटी डाऊ यांचा अनुभव बोलका आहे. २०१४ मध्ये त्या सत्ताधारी पक्षाकडून मोचुडी पश्चिम मतदारसंघात उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या. त्यानंतर विशेष सदस्य म्हणून त्या संसदेत आल्या. पुढे शिक्षण आणि परराष्ट्र व्यवहार ही खातीही त्यांनी सांभाळली. देशाचा कायदा बदलायला लावणाऱ्या महिलेलाही संसदेचे दार राष्ट्राध्यक्षांच्या यादीतूनच उघडले.

या मार्गाने कर्तबगार महिला सभागृहात येतात, हे खरे. पण त्यांच्यामागे मतदारसंघ नसतो. नाव सुचवणाऱ्याची मर्जी फिरली, की पुढच्या वेळी पुन्हा पक्षाच्या उमेदवारीसाठी रांगेत उभे राहावे लागते.

शेजाऱ्यांनी काय वेगळे केले?

नामिबियात राष्ट्रीय संसदेसाठी मतदार पक्षाला मत देतात आणि मतांच्या प्रमाणात पक्षाच्या यादीतील उमेदवार निवडून येतात. सत्ताधारी स्वापो पक्षाने २०१३ मध्ये ‘झेब्रा’ पद्धत स्वीकारली. झेब्र्याच्या अंगावरील पट्ट्यांप्रमाणे यादीत एक महिला, एक पुरुष अशी नावे येतात. मार्च २०२५ मध्ये नेतुम्बो नांदी-न्दाइत्वा देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. उपराष्ट्राध्यक्षपदी आणि संसदेच्या अध्यक्षपदीही महिला आल्या.

मग नामिबियाचा समाज अधिक पुढारलेला आहे, असे समजायचे का? तसेही नाही. तिथल्या प्रादेशिक परिषदांच्या निवडणुका एक मतदारसंघ, एक प्रतिनिधी या पद्धतीने होतात. २०२० च्या निवडणुकीनंतर या परिषदांतून बनलेल्या वरिष्ठ सभागृहात महिलांचे प्रमाण राष्ट्रीय संसदेच्या निम्म्याहूनही कमी होते. देश तोच, मतदारही तेच; फक्त पद्धत बदलली की चित्र बदलते.

झिम्बाब्वेने तिसरा मार्ग निवडला. मतदारसंघ तसेच ठेवून २०१३ पासून महिलांसाठी ६० जादा जागा निर्माण केल्या आणि पक्षांच्या मतांच्या प्रमाणात त्या वाटल्या. मात्र, ‘जादा जागा आहेत ना, मग मतदारसंघ कशाला मागता?’ असे ऐकण्याची वेळ तिथल्या महिलांवर आली, अशी टीका होते.

पुढे काय?

दक्षिण आफ्रिकी विकास समुदाय, म्हणजेच ‘साडेक’ या प्रादेशिक संघटनेने २००८ मध्ये निर्णयप्रक्रियेत महिलांना निम्मा वाटा देण्याचा करार केला. संघटनेचे मुख्यालय गॅबरोनमध्येच आहे. तरीही बोत्सवानाने तेव्हा स्वाक्षरी केली नाही. सुधारित करारावर ती झाली २०१७ मध्ये.

बदल अशक्य नाही, हे बोत्सवानाने स्वतःच दाखवले आहे. ‘स्त्रियांनो, उभ्या राहा’ असा नावाचा अर्थ असलेल्या ‘एमांग बसादी’ या १९८६ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने १९९४ च्या निवडणुकीआधी महिलांचा जाहीरनामा काढला, उमेदवारांना प्रशिक्षण दिले, पक्षांवर दबाव आणला. १९९९ च्या निवडणुकीनंतर महिलांचे प्रमाण १७ टक्क्यांवर गेले. हा दबाव ओसरला, तसा आकडाही घसरला. पाव शतकानंतरही तो उंबरठा पुन्हा गाठता आलेला नाही.

नागरिकत्व नाकारणाऱ्या कायद्याला कलम क्रमांक होता, म्हणून त्याला आव्हान देता आले. घर नाकारणाऱ्या रूढीविरुद्धही दाद मागता आली. उमेदवारी नाकारणाऱ्या पक्षाविरुद्ध मात्र कोणत्या न्यायालयात जायचे? पक्षांना बांधील करणारा नियम कायद्यात नाही. तो करण्याचा अधिकार संसदेचा आणि संसदेत नव्वद टक्क्यांहून अधिक पुरुष आहेत. राज्यघटनेच्या फेरविचाराची चर्चा देशात २०२१ पासून सुरू आहे. त्या चर्चेत हा नियम येतो की पुन्हा राष्ट्राध्यक्षांच्या यादीवरच भागवले जाते, यावर बोत्सवानाच्या पुढच्या निवडणुकीतील मतपत्रिका कशी दिसेल, हे ठरेल.