पाच जिनसांचे पेय

म्हैसूरच्या घरांतून रामनवमीला पानक करतात. गूळ पाण्यात विरघळवून त्यात लिंबाचा रस, सुंठ आणि वेलची घालावयाची, एवढीच त्याची कृती. याच पानकात मद्य मिसळले की जगभर ज्याला ‘पंच’ म्हणतात ते तयार होते, हे विधान काहींना रुचणार नाही. परंतु दोन्हींचे घटक शेजारी मांडून पाहिले असता गोड, आंबट, पाणी आणि मसाला हे चारही जुळतात. पाचवे तेवढे तीव्र मद्य.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात लिहिले आहे, की गोव्यातील नेरूळ येथे उत्तम अरक गाळला जातो. त्यापासून या किनाऱ्यावरील इंग्रज अंगातील त्राण घालविणारे एक पेय बनवितात, आणि त्यात पाच जिन्नस असल्यामुळे हिंदुस्थानी ‘पाच’वरून त्याचे नाव पडले. ही व्युत्पत्ती आपल्याला सुखावणारी खरी, तथापि ती निर्विवाद नाही. १६३८ मध्ये सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने अशाच पेयात मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर असे चारच जिन्नस नोंदविले. काही अभ्यासक तर हे नाव पिंप या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी जोडतात. पुढे अटलांटिकपलीकडील उसाच्या बेटांत अरकाची जागा रमने घेतली.

रमचा कच्चा माल म्हणजे मळी, आणि ऊस म्हैसूरला नवा नाही. श्रीरंगपट्टणजवळ पालहळ्ळी येथे १८४७ मध्ये रयतेच्या गुळापासून साखर करणारा कारखाना निघाला; कृष्णराजसागराचे पाणी कालव्याने मंड्याकडे गेल्यावर तेथे १९३३ मध्ये म्हैसूर शुगर कंपनी उभी राहिली. साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरणारी मळी किण्वाने आंबवून तिचे ऊर्ध्वपातन केले की रम मिळते. हा उद्योग घरी करणे बेकायदा आहे. चोरून विकल्या जाणाऱ्या दारूत मिथिल अल्कोहोल मिसळलेले असले तर डोळे जातात, प्राणही जातात. म्हणून मोहोरबंद बाटलीच घ्यावी.

तिघांपुरती कृती अशी : गूळ व पाणी समान वजनाने घेऊन उकळावे आणि गाळावे. या कोमट पाकात लिंबाची पातळ सोललेली साल अर्धा तास ठेवावी. सालीचा पांढरा भाग येऊ देऊ नये, तो कडवट असतो. सुगंध असतो तो वरच्या पिवळ्या थरातील तेलात. साल काढून पाक निवू द्यावा. जुने प्रमाण एक, दोन, तीन, चार असे आहे : लिंबाचा रस ३० मिलिलिटर, पाक ६०, रम ९० आणि थंड पाणी १२०. सर्व ढवळून वर थोडे जायफळ किसावे.

या आकड्यांकडे जरा लक्ष द्यावे. भारतीय रममध्ये बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे या ३०० मिलिलिटर पेयात सुमारे ३८.५ मिलिलिटर, अर्थात जवळजवळ १३ टक्के अल्कोहोल उतरते. द्राक्षाच्या वाइनइतकेच ते तीव्र झाले. गूळ आणि लिंबू मद्याची चव झाकून टाकतात, त्यामुळे जीभ वेळेवर सूचना देत नाही. फ्रायरचा शेरा उगाच नव्हता. १०० मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल जाते. ज्याला वाहन चालवावयाचे आहे किंवा जो औषधे घेत आहे त्याने रम वगळून पानकच घ्यावे. बर्फ घालावयाचा असल्यास तो वितळणार हे धरून पाणी त्या मानाने कमी करावे.