कोरड्या सरोवरातले पाचशे मासे

साधारण १६,००० वर्षांपूर्वी व्हिक्टोरिया सरोवर आटलं होतं. तळाच्या गाळात तेव्हाच्या उघड्या जमिनीचा थर आजही सापडतो. पुढे पाऊस परतला, सरोवर पुन्हा भरलं. आज ते टांझानिया, युगांडा आणि केनिया मिळून सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर पसरलं आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून मोठं. आणि या पाण्यात सिक्लिड कुळातल्या माशांच्या सुमारे पाचशे अशा जाती नांदू लागल्या, ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

सिक्लिड आपल्याला परके नाहीत. बाजारातली चिलापी त्यांच्यातलीच, गोव्याचं काळुंदरही. पण व्हिक्टोरियातल्या या बोटभर माशांनी, तिथल्या कोळ्यांच्या ‘फुरूं’नी, जे करून दाखवलं त्याला तोड नाही. कुणी खडकावरचं शेवाळ खरवडतो, कुणी गोगलगाय शंखासकट फोडतो. काही जण तर दुसऱ्या मादीने तोंडात जपलेली पिल्लं तिच्याच तोंडातून काढून गिळतात!

हे इतक्या झटपट झालं कसं? जनुकात नवा बदल होतो तो योगायोगाने, आणि तो रुजायला कितीतरी पिढ्या जातात. पाचशे जाती घडवायला १६,००० वर्षं पुरायची कशी?

२०१७ साली योआना मायर, ओले झेहाउसेन आणि सहकाऱ्यांनी या माशांचे जनुकसंच वाचले, आणि उत्तर सरोवर आटण्याच्याही आधीच्या काळात सापडलं. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी, पावसापाण्याच्या दिवसांत, काँगोच्या खोऱ्यातले आणि नाईलच्या वरच्या खोऱ्यातले मासे एका पाण्यात आले. दोन्ही वंश फार पूर्वीच वेगळे झालेले, तरी त्यांचा संकर झाला आणि संतती फळली. व्हिक्टोरियासह आसपासच्या सरोवरांतल्या जवळजवळ सातशे जाती याच संकराच्या वंशज आहेत. नव्या बदलांची वाट पाहण्याची गरजच उरली नव्हती. दोन घराण्यांनी युगानुयुगं साठवलेली पुंजी हाताशी होती. प्रत्येक नव्या जातीने त्यातून आपली वेगळी जुळणी केली. शाळेत आपण उत्क्रांतीचं झाड काढतो, फांदीला फांदी फुटत जाणारं. इथे मात्र आधी दोन फांद्या एक झाल्या आणि मग शेकडो धुमारे फुटले. मला तर ही नदीच्या संगमाचीच गोष्ट वाटते.

या पुंजीतलं एक जनुक डोळ्याचं आहे, तांबडा उजेड टिपणाऱ्या रंगद्रव्याचं. त्याची एक तऱ्हा एका पूर्वजाकडून आली, दुसरी दुसऱ्याकडून. गढूळ पाण्यात खोल जावं तसा निळा उजेड विरत जातो आणि नारिंगी-तांबडा उरतो. ‘पुंडामिलिया’ या प्रजातीत (स्वाहिलीत पुंडा मिलिया म्हणजे झेब्रा) दोन सख्खे शेजारी आहेत. वर उथळात राहणाऱ्या जातीचा नर निळा, जरा खाली राहणाऱ्या जातीचा नर तांबडा. तांबड्याच्या जातीला टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचं नाव दिलं आहे. खालच्यांचा डोळा तांबड्याला तरबेज, वरच्यांचा निळ्याकडे झुकलेला. मादीच्या डोळ्यात जो रंग ठसतो, त्या नराकडे ती जाते. ती अंडी घालते आणि लगेच तोंडात भरून घेते. नराच्या पोटाकडच्या परावर हुबेहूब अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. तीही अंडीच समजून ती चोचायला जाते, आणि त्याच क्षणी त्याचे शुक्राणू तिच्या तोंडात जाऊन अंडी फळतात. पुढे दोन-तीन आठवडे ती पिल्लांना तोंडात वागवते.

म्हणजे दोन जातींमधली भिंत मुख्यतः नजरेची आहे. झेहाउसेन यांनी प्रयोगशाळेतल्या टाकीवर नुसता नारिंगी उजेड सोडला, निळा आणि तांबडा वेगळा दिसेनासा केला, तेव्हा माद्या दोन्ही जातींच्या नरांना सारख्याच स्वीकारू लागल्या.

सरोवरात तेच घडत आहे. १९५०च्या दशकात सोडलेल्या नाईल पर्च या शिकारी माशाने पुढे १९८०च्या सुमारास कितीतरी फुरू संपवले, हे बहुतेकांना ठाऊक असतं. गढूळपणाचं नुकसान मात्र सहसा नजरेत भरत नाही. शेतातली खतं, गावांचं सांडपाणी आणि धुपून आलेली माती यांनी पाणी दाट झालं आहे. जिथे ते स्वच्छ आहे, तिथे निळे आणि तांबडे नर आजही वेगळे ओळखू येतात. गढूळ खाडीतल्या लुआन्सो बेटाजवळ दोन जाती उरलेल्याच नाहीत. तिथे एकच सरमिसळ झालेला मासा आहे, आणि त्याचे बरेच नर धड निळे नाहीत, धड तांबडेही नाहीत.