किलोमीटर २१३५ पासून पुढे

परदेशच्या प्रवासवर्णनांचा आपल्याकडे तुटवडा नाही. मंडळी विमानातून उतरतात, रस्त्यांची स्वच्छता पाहून थक्क होतात, थोडी थंडी खातात आणि भेटवस्तू घेऊन घरी परततात. मध्येच कोणाचे हाड मोडत नाही. माझे मोडले, म्हणून ही हकिगत थोडी निराळी आहे.

पण आधी नदीविषयी सांगते. एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवल्यावर नदीशिवाय गोष्ट सुरू करायची म्हणजे मला चुकल्याचुकल्यासारखे होते. डॅन्यूब, म्हणजे जर्मन भाषेतली डोनाऊ, जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम पावते आणि सुमारे २८५० किलोमीटर वाहून काळ्या समुद्राला मिळते. तिच्या काठी अंतराचे फलक आहेत आणि गंमत अशी, की ते उलटे मोजलेले आहेत, मुखापासून उगमाकडे. प्रवाहाबरोबर निघालेल्या माणसाला आकडे रोज कमी होताना दिसतात. लिंत्स शहराशी हा आकडा २१३५ च्या आसपास असतो आणि व्हिएन्नाच्या मोठ्या पुलाशी १९२९.

जर्मनीतले पासाउ ते व्हिएन्ना हा काठाकाठाने जाणारा सायकलचा रस्ता ३०० किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो. पूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या होड्यांना दोर बांधून घोडे ओढीत असत. त्या घोड्यांच्या वाटेवरूनच आजचा बराचसा मार्ग जातो. घोड्याला झेपेल इतकाच चढ, आणि मोटारी जवळजवळ नाहीत. साठीच्या उंबरठ्यावरच्या पुणेरी जोडप्याला याहून सोयीचे काय हवे? जून २०१८ मध्ये हे आणि मी तिथेच सेकंडहँड घेतलेल्या दोन सायकलींवर पासाउहून निघालो. श्ल्योगेनला नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ माघारी फिरते, ते वळण पाहिले आणि तिसऱ्या दिवशी लिंत्स गाठले.

मुक्कामाची जागा गावात होती, म्हणून नदीकाठ सोडून शहरात शिरावे लागले. एका शांत रस्त्याने, उजव्या बाजूने, संथपणे चालले होते. कडेला मोटारी उभ्या होत्या. त्यांतल्या एकीचे दार उघडले. एवढेच. कर्कश भोंगा नाही, ब्रेकची किंकाळी नाही. मी डाव्या खांद्यावर पडले आणि ताटात पापड मोडावा तसा आवाज ऐकू आला. तो माझ्या गळपट्टीच्या हाडाचा होता.

मोटारीतून एक सत्तरीपुढचे गृहस्थ उतरले. माझ्यापेक्षा तेच अधिक पांढरे पडले होते. कोणीतरी १४४ ला फोन केला. तिकडे रुग्णवाहिकेसाठी हा क्रमांक आहे. ११२ मात्र युरोपभर चालतो, तेव्हा प्रवासाला जाणाऱ्यांनी तोच पाठ करावा. रुग्णवाहिका आली, पोलीस आले, जबान्या झाल्या. शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. काढताना आम्ही कुरकुरलो होतो. इस्पितळात तो कागद पुढे करताना कोणीच कुरकुरले नाही. हाड मधल्या भागात मोडले होते. गळपट्टी बहुधा तिथेच मोडते, कारण तिथे ती सर्वांत बारीक असते. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. हात झोळीत आणि घरचा रस्ता.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ मुक्कामाच्या ठिकाणी आले. त्यांना इंग्रजी बेताचे, आम्हाला जर्मन त्याहून बेताचे. माझी वाकडी झालेली सायकल ते दुरुस्तीला टाकून आले होते आणि आता म्हणत होते, "तुमची सायकल माझ्या गॅरेजमध्ये राहील. तुम्ही न्यायला याल तोवर." यांनी "कशाला, विकून टाका" असे सुचवून पाहिले, पण म्हातारबुवांनी मान हलवली ती हलवलीच.

पुण्याला आल्यावर तीन महिन्यांत हाड जुळले. क्ष-किरणांच्या चित्रात छान गाठ दिसली, डॉक्टर खूष झाले. खरा प्रश्न पुढेच होता. सोसायटीच्या आवारात मी सायकलवर बसून गोल गोल फिरे, अगदी मजेत. फाटकाबाहेर पडून उभी मोटार दिसली, की दोन्ही हात ब्रेकवर घट्ट आवळले जात आणि पाय आपोआप जमिनीला लागत. यात एक विचित्र प्रकार होता. लिंत्सला दार उजवीकडून आले होते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून मोटारी डाव्या कडेला उभ्या असतात. तरी भीतीला उजवे-डावे समजावून द्यावे लागले नाही. आरशातल्या प्रतिमेसारखी ती आपोआप उलटी होऊन डावीकडे येऊन बसली.

एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात सायकल चालवायला पुन्हा शिकणे ही सोपी गोष्ट नव्हे. मी पहाटे साडेपाचला निघू लागले. पहिले दोन आठवडे फक्त रिक्षांच्या रांगांशेजारून गेले, कारण रिक्षाला दारच नसते! रिक्षावाल्यांविषयी पुणेकरांनी आजवर पुष्कळ बोलून घेतले आहे. माझ्यावर मात्र त्यांचे हे उपकार आहेत. मग मोटारींची पाळी. दार पुरते उघडले तर साधारण मीटरभर बाहेर येते, म्हणून त्याहून थोडे अधिक अंतर ठेवायचे. मागच्या काचेतून पुढच्या आसनावर डोके दिसते का, ते पाहायचे. डोके दिसले की वेग कमी. मनातल्या मनात डोकी मोजत मी दिवाळीपर्यंत कोथरूडहून डेक्कनपर्यंत पोहोचले.

घरच्यांनाही एक सवय लावली. मोटारीतून उतरताना दाराजवळच्या हाताने दार उघडायचे नाही, लांबच्या हाताने उघडायचे. उजव्या बाजूला बसलेल्याने डाव्या हाताने कडी ओढली की अंग आपसूक वळते आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो. ही रीत नेदरलँड्सच्या नावाने ओळखली जाते, आणि ब्रिटनने २०२२ मध्ये आपल्या रस्त्याच्या नियमावलीत तिचा समावेश केला. आमचे जावई पहिल्यांदा हसले. आता तेच दुसऱ्यांना शिकवतात.

पुन्हा जाण्याचा विषय निघाला तेव्हा लेक रागावली. "आई, वय काय तुझं? हाड जुळलंय ना, मग बस की गप्प." हे वर्तमानपत्रामागे गेले. बोलल्या त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. "अगं, पण सायकल लोकांच्या घरी ठेवून आलीय ना ती? वर्ष होत आलं. आणायला नको का?" परक्याकडे वस्तू ठेवणे हा त्यांच्या दृष्टीने मोडलेल्या हाडापेक्षा गंभीर मामला होता. त्यावर लेकीला उत्तर सुचले नाही.

जून २०१९ मध्ये लिंत्सच्या गॅरेजमध्ये सायकल जुन्या चादरीखाली उभी होती. साखळीला तेल, चाकांत हवा, शिवाय हँडलला एक नवा आरसा. म्हातारबुवा स्वतःच्या सायकलवर आम्हाला नदीपर्यंत पोहोचवायला आले आणि सबंध गावातून उभ्या मोटारींच्या बाजूने, माझ्या उजव्या हाताला, तेच चालले. मी मागे राहू पाहिले, तर तेही हळू झाले. कोणी काही बोलले नाही.

पुढे माउटहाउसेन लागते. १९३८ ते १९४५ या काळात तिथे नाझींची छळछावणी होती आणि तिच्यात व तिच्या शाखांत मिळून किमान ९०,००० माणसे मेली. तिथे आम्ही उतरलो, वर जाऊन आलो. सायकलच्या गप्पांत त्याविषयी अधिक लिहिणे मला बरे वाटत नाही.

ग्राइन गावाशी मात्र मन रमले. इथे नदी अरुंद दरीत शिरते. पूर्वी पाण्यात खडक आणि भोवरे होते, नावाडी या जागेच्या नावाने धास्ती घेत आणि वाट दाखवायला स्थानिक वाटाड्या भाड्याने घेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सुरुंग लावून खडक फोडले गेले. १९५९ मध्ये खाली इब्स-पेर्सेनबॉइगचे धरण व वीजकेंद्र पुरे झाले, तेव्हा पाणी चढले आणि उरलासुरला खळखळाटही बुडाला. मी तासभर काठावर बसून ते गुळगुळीत पाणी पाहत राहिले. यांनी तेवढ्यात दोन कॉफ्या संपवल्या.

मेल्कच्या मठानंतर वाखाउ खोरे. उतारावर द्राक्षमळे, खाली जर्दाळूच्या बागा. फळ जुलैत पिकते, म्हणून आम्हाला हिरवेच पाहावे लागले. मुरंब्यावर समाधान मानले. वाटेत एका अरुंद गल्लीत पुढच्या मोटारीत डोके दिसले. मी वेग कमी केला, अंतर ठेवले, आणि दार उघडले. आतल्या बाईंनी हात वर करून क्षमा मागितली. मी घंटी वाजवून पुढे गेले. पाय जमिनीला लागले नव्हते, हे पुढच्या गावी पोहोचल्यावर ध्यानात आले.

१९२९ चा फलक दिसला तेव्हा पाऊस पडत होता. यांनी छायाचित्र काढले, त्यात माझा चेहरा कमी आणि रेनकोट अधिक आहे. लिंत्सला फोन केला. पलीकडून प्रश्न आला, "आरसा ठीक आहे ना?" ठीक होता. सायकली त्या रात्री व्हिएन्नातल्या खोलीच्या तळघरात ठेवल्या, कारण ब्रातिस्लाव्हा तिथून साठेक किलोमीटरच आहे आणि व्हिसाचे अकरा दिवस शिल्लक होते.