‘हिज स्टोरी’ कुठून आली?

हमखास टाळी घेणारं एक वाक्य आहे: ‘हिस्टरी म्हणजे हिज स्टोरी, त्याची गोष्ट, तिच्यात बाई येणार कुठून?’ यातली तक्रार खरी आहे. व्युत्पत्ती मात्र साफ चुकीची.

‘हिज’ हे इंग्रजीचं घरचं सर्वनाम. ‘हिस्टरी’ बाहेरून आली: मूळ ग्रीक ‘हिस्टोरिया’, तिथून लॅटिन, तिथून फ्रेंच. आणि गंमत अशी की या तिन्ही भाषांत हा शब्द चक्क स्त्रीलिंगी आहे.

‘हिस्टोरिया’च्या मागे उभा आहे ‘हिस्टोर’. होमरच्या ‘इलियड’मध्ये रथांची शर्यत चालू असताना कोणाचा रथ पुढे आहे यावरून पाहणाऱ्यांपैकी दोघांची जुंपते. एक जण म्हणतो, लाव पैज, तिवई नाहीतर कढई, आणि अ‍ॅगामेम्नॉनला हिस्टोर करू. हिस्टोर म्हणजे जाणता, पंच. ‘हिस्टोरिया’ म्हणजे विचारपूस, शोध. इ.स.पू. पाचव्या शतकात हिरोडोटसने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात हा शब्द योजला, तो याच अर्थाने. ‘पाहणे, जाणणे’ हा त्यामागचा धातू; आपले ‘वेद’ आणि ‘विद्या’ त्याच कुळातले.

अ‍ॅरिस्टॉटलच्या प्राण्यांवरच्या ग्रंथाच्या नावातही ‘हिस्टोरिया’ आहे आणि तिथे गतकाळाचा काही संबंध नाही. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ पक्ष्यांचा, प्राण्यांचा, वनस्पतींचा अभ्यास करते, तीही या जुन्या अर्थाला धरूनच.

दुसरा समज असा की हिस्टरी खरी आणि स्टोरी रचलेली. मुळात दोन्ही एकाच शब्दाची रूपं. ‘स्टोरी’ फ्रेंचमधून झिजून आली, तीही ‘हिस्टरी’च्या आधी. पुढे कित्येक वर्षं खऱ्या हकिकतीला आणि कल्पित कथेला दोन्ही शब्द चालत. हेन्री फील्डिंगने १७४९ साली ‘टॉम जोन्स’ ही कादंबरी छापली, तीसुद्धा नावात ‘हिस्टरी’ घालून! आपला ‘इतिहास’ वेगळ्या वाटेचा: ‘इति ह आस’, असं खरोखर होतं. तो घडलेल्यावर बोट ठेवतो, ग्रीक शब्द विचारणाऱ्यावर.

अमेरिकेतल्या स्त्रीवादी चळवळीने १९७०च्या सुमारास ‘हरस्टोरी’ हा शब्द रूढ केला. ती कोटी होती, आणि नेमकी होती. कोटी म्हणून खुशाल वापरा. फक्त वर्गात फळ्यावर व्युत्पत्ती म्हणून लिहू नका.