साल नका इचारू, दुष्काळ इचारा

मराठवाड्यातल्या गेवराईच्या एसटी स्टँडवर किंवा तालुक्यातल्या कुठल्याही पारावर सत्तरी ओलांडलेल्या बाईला विचारून बघा, "आजी, थोरला मुलगा कोणत्या सालचा?" साल बहुतेक येत नाही. उत्तर येतं ते असं : "दुस्काळातला. पोटात व्हता तवा मी खडी फोडाया जायची." शेजारी बसलेले बाबा लगेच दुरुस्ती करतात : "दुस्काळात न्हाई. कामं बंद झाली अन् पहिला पाऊस पडला, तवाचा." दोघांची जरा बाचाबाची होते आणि तिच्यातून १९७३ सालच्या पावसाळ्याचं तोंड अलगद वर येतं. कॅलेंडर नाही, जन्माचा दाखला नाही, तरी पन्नास वर्षांपूर्वीचा महिना जवळपास बिनचूक.

हे अडाणीपणाचं लक्षण समजणाऱ्यांची मला कीव येते. माणसाच्या स्मृतीतल्या एका विलक्षण करामतीचं ते उघडंवाघडं दर्शन आहे, आणि जगातल्या संशोधकांना ती करामत सापडायला बराच काळ लागला.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांना साधे साधे शब्द द्यायचे, त्यावरून स्वतःच्या आयुष्यातला एखादा प्रसंग आठवायला सांगायचं, आणि मग तो कधी घडला हे मोठ्यानं विचार करत ठरवायला लावायचं. बोस्नियातली माणसं सारखी युद्धाचा आधार घेत होती : युद्धाच्या आधी, युद्धात, युद्धानंतर. तुर्कस्तानातल्या इझमित भागातली माणसं १९९९ च्या भूकंपाचा. पण न्यूयॉर्कमधली माणसं जुळे मनोरे कोसळल्याच्या दिवसाचा आधार क्वचितच घेत होती! तो दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर घडला होता, अवघ्या जगानं तो पाहिला होता. मग असं का?

ब्राउन यांचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. घटना किती मोठी, किती भीषण, यावर हे ठरत नाही. तिनं रोजचं जगणं किती बदललं, यावर ठरतं. काय खायचं, पाणी कुठून आणायचं, कामाला कुठे जायचं, संध्याकाळी कुणासोबत बसायचं, हे सगळं एकदम आणि बराच काळ बदललं, तरच मेंदू तिथे खूण रोवतो. बहुसंख्य न्यूयॉर्ककरांची न्याहारी, नोकरी आणि घर थोड्याच दिवसांत पूर्वपदावर आलं. बोस्नियाच्या सरायेव्होत तसं झालं नाही.

आता १९७२ च्या, म्हणजे आपल्या बहात्तरच्या दुष्काळाकडे पाहा. त्या दुष्काळानं मराठवाड्याच्या ताटापासून सुरुवात केली. ज्वारीच्या जागी रेशनवर मिलो आला. अमेरिकेतून आलेली ही लाल ज्वारी. तिची भाकरी धड थापली जात नसे आणि घशाखाली उतरत नसे. पण पन्नास वर्षांनंतरही तिचा रंग सांगताना म्हातारी माणसं तळहात पुढे करतात, जणू दाणे अजून हातात आहेत. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची. ती मात्र गोड लागायची, आणि तेव्हा लहान असलेली माणसं आजही तिचं नाव काढताच खुलतात. ज्या बाया तोवर स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रानात राबत होत्या, त्या हातात हातोडा घेऊन रस्त्याच्या कडेला खडीच्या ढिगापाशी बसल्या. लेकरू बाभळीला बांधलेल्या झोळीत. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. ज्यांनी कधी हजेरीपट हा शब्द ऐकला नव्हता, त्यांचं नाव त्यावर चढलं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी या धगीतच राज्यभर रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशानं त्याच वाटेनं जाणारा कायदा केला.

पाण्याची गोष्ट तर याहून नवलाची. जुनी माणसं ठासून सांगतात : बहात्तरला पाणी होतं, धान्य नव्हतं, आता धान्य आहे, पाणी नाही. इतकं नेमकं निदान एका वाक्यात क्वचितच सापडतं. त्या काळात जमिनीला भोक पाडणारी यंत्रं गावोगाव आली, त्यामागून हापसा आला. आडावर पोहरा सोडणारी बाई दांडा मारू लागली. देशभर पसरलेल्या आणि पुढे आफ्रिकेतही गेलेल्या 'इंडिया मार्क टू' हापशाच्या पूर्वजांमध्ये जालना आणि सोलापूर इथे घडवलेले हातपंप आहेत. जालना म्हणजे गोदावरी ओलांडून आपल्या शेजारचं गाव! पुढे बोअर खोल खोल गेले आणि त्याच वाक्याचा उत्तरार्ध खरा झाला.

संशोधनातली आणखी एक गोष्ट इथे चपखल बसते. माणूस म्हातारपणी आठवायला बसला की त्याला साधारण दहा ते तीस वर्षांच्या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं. पहिलं काम, लग्न, पहिलं मूल, सगळं नवं याच काळात घडतं. हे जगभर दिसतं. पण बांगलादेशातल्या वयस्क माणसांचा अभ्यास मार्टिन कॉनवे आणि शमसुल हक यांनी १९९९ साली मांडला, तेव्हा त्यांच्या आठवणींत आणखी एक उंचवटा दिसला : मुक्तिसंग्रामाच्या काळातला. वय तरुण नसतानाही तो काळ मनात दाट साठला होता. गेवराईकडे बहात्तरला जे तरुण होते त्यांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या. तरुणपण आणि दुष्काळ एकमेकांवर पडले. म्हणून ती पिढी बोलायला लागली की थांबत नाही. ती कंटाळवाणी असते म्हणून नव्हे.

याउलट, गॅस कधी आला? टीव्ही? मोबाईल? जगणं यांनीही बदललं, कदाचित जास्तच. पण "मोबाईल आला त्या साली पोरीचं लगीन झालं" असं कुणी म्हणत नाही. या वस्तू एकेका घरात वेगवेगळ्या वेळी, दबक्या पावलांनी आल्या. ऊसतोडीचंही तसंच. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघायची, मुकादमाची उचल फेडत फेडत उन्हाळा यायचा, आणि दरसाल तेच. विचारलं तर माणसं साल सांगत नाहीत, कारखान्याचं नाव सांगतात.

नव्वदीकडे झुकलेल्यांकडे याहून जुनी खूण असते : रझाकाराचा टाइम. गेवराई तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आलं आणि पुढच्या काही वर्षांत हाली शिक्का गेला, फसली साल गेलं. नाणं आणि पंचांग, दोन्ही बदलली. त्यांच्यापेक्षा थोडी लहान माणसं तिसरी खूण वापरतात : जायकवाडी. पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं, आणि उजवा कालवा याच तालुक्यातून माजलगावकडे गेला. "कॅनॉल यायच्या आधी" एवढं म्हटलं की पुढचं ऐकणाऱ्याला कळतं : पीक कोणतं, मोट की मोटार, रान कोरडं की ओलं.

लोकसंख्येचे अभ्यासक हे जाणतात. वय माहीत नसलेल्या माणसाचं वय काढायला ते स्थानिक घटनांची यादी वापरतात. नाहीतर सगळे आपलं वय पन्नास, साठ, सत्तर असं गोल सांगतात.

म्हणून घरातल्या आजी-आजोबांकडून काही ऐकायचं असेल, तर साल विचारून त्यांना अवघडून टाकू नये. तेव्हा भाकरी कशाची होती, पाणी कुठून आणायचात, कामाला कोण घेऊन गेलं, हे विचारावं. मग जन्म, लग्न, मरण आपोआप जागेवर बसत जातात. आणि घरात ऊसतोडीला जाऊन आलेला एखादा पोरगा असेल तर त्यालाही विचारावं. २०२० च्या टाळेबंदीत हजारो कुटुंबं कारखान्यांच्या तळावर अडकली होती आणि एप्रिलमध्ये सरकारच्या परवानगीनं गावी परतली. त्यातली पोरं आत्तापासूनच म्हणायला लागली आहेत, "लॉकडाऊनच्या आधी."