विश्लेषण : चेहरा मुखवट्याआड, तरी ‘बाफ्टा’चा सर्वोच्च सन्मान… कोण आहेत वॉर्विक डेव्हिस?

‘हॅरी पॉटर’मध्ये मुलांना हवेत पीस तरंगवायला शिकवणारे प्राध्यापक फ्लिटविक आणि ग्रिंगॉट्स बँकेतला खडूस ग्रिपहूक. ‘स्टार वॉर्स’मधला अस्वलासारखा गोंडस विकेट आणि ‘लेप्रेकॉन’ या भयपटांमधला सोन्यासाठी जीव घेणारा राक्षस. या सगळ्या भूमिका एकाच माणसाने केल्या आहेत, हे अनेक प्रेक्षकांच्या गावीही नसते. साडेतीन फूट उंचीच्या वॉर्विक डेव्हिस यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बाफ्टा फेलोशिप’ मिळाली. १९७१ मध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांच्यापासून सुरू झालेला हा ब्रिटिश अकादमीचा सर्वोच्च सन्मान आहे.

आजीने ऐकलेली जाहिरात

डेव्हिस यांचा जन्म १९७० चा, इंग्लंडमधील सरे परगण्यातला. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांची उंची तीन फूटही नव्हती. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’साठी चार फुटांपेक्षा कमी उंचीची माणसे हवी आहेत, ही जाहिरात त्यांच्या आजीने रेडिओवर ऐकली. ‘स्टार वॉर्स’वेड्या नातवाला आणखी काय हवे होते! त्याला घेतले ते इवॉक जमातीच्या गर्दीतला एक म्हणून. मुख्य इवॉक विकेटची भूमिका ‘आर-टू डी-टू’ यंत्रमानवाच्या आत बसणारे केनी बेकर करणार होते. ते ऐनवेळी आजारी पडले आणि राजकन्या लेयाबरोबरचे प्रसंग या शाळकरी मुलाच्या वाट्याला आले. १९८३ मध्ये चित्रपट आला. विकेट जगभर लाडका झाला, पण त्याच्या आतला मुलगा कुणाला दिसलाच नाही.

उंची कमी का राहते?

बुटकेपणा म्हणजे एकच आजार नव्हे. त्याची शेकडो कारणे आहेत. सर्वाधिक आढळते ते अकाँड्रोप्लेसिया. डेव्हिस यांची अवस्था वेगळी आणि दुर्मीळ आहे. स्पाँडिलोएपिफिझियल डिस्प्लेसिया कन्जेनिटा असे तिचे लांबलचक नाव. त्यात एका प्रकारच्या कोलॅजनच्या जनुकातील बदलामुळे मणके आणि लांब हाडांची टोके नीट वाढत नाहीत. बुद्धीचा याच्याशी संबंध नसतो. सांधे आणि पाठीचा त्रास मात्र आयुष्यभर सोबत राहू शकतो. जड पोशाख आणि रबरी मुखवटा चढवून तासन् तास चित्रीकरण करणे किती कष्टाचे असेल, याची कल्पना यावरून यावी.

नायक झाले, मग पुन्हा मुखवटा

जॉर्ज लुकास यांनी डेव्हिस यांना डोळ्यांपुढे ठेवून ‘विलो’ची कथा रचली. रॉन हॉवर्ड यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८८ मध्ये आला. चेहऱ्यावर मुखवटा नाही आणि भूमिका थेट नायकाची, तीही दोन मुलांच्या बापाची. पडद्यावरचा हा बाप चित्रीकरणावेळी जेमतेम १७ वर्षांचा होता! एवढ्या मोठ्या चित्रपटाच्या नायकाकडे पुढे कामाची रीघ लागायला हवी होती. तसे झाले नाही. १९९३ मध्ये ‘लेप्रेकॉन’ आला आणि त्या मालिकेचे सहा चित्रपट त्यांनी मुखवट्याखालूनच केले.

गंमत अशी, की पहिल्या ‘हॅरी पॉटर’मधल्या (२००१) ग्रिपहूकचा आवाज डेव्हिस यांचा होता, तर देह व्हर्न ट्रॉयर यांचा. ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’मध्ये (२००५) नेमके उलटे झाले. उदास यंत्रमानव मार्विनचा देह डेव्हिस यांचा आणि आवाज अ‍ॅलन रिकमन यांचा! फ्लिटविकची कथाही अशीच. पहिल्या दोन चित्रपटांत टक्कल, पांढरी दाढी आणि चेहऱ्यावर थर. तिसऱ्यात ती भूमिकाच नव्हती, म्हणून त्यांना गायकवृंदाचा संचालक केले, काळे केस आणि छोटी मिशी देऊन. चौथ्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला तेच रूप आवडले आणि फ्लिटविक एकाएकी तरुण झाले. डेव्हिस यांचा स्वतःचा चेहराही थोडाफार दिसू लागला.

त्यांचे खरे काम कोणते?

चित्रपटांची यादी मोठी आहेच, पण त्यांचे पडद्यामागचे काम जास्त टिकाऊ म्हणावे लागेल. १९९५ मध्ये त्यांनी सासरे पीटर बरोज यांच्यासह कमी उंचीच्या कलाकारांना काम मिळवून देणारी ‘विलो मॅनेजमेंट’ ही संस्था काढली. २०१२ मध्ये पत्नी समँथा यांच्यासह ‘लिटल पीपल यूके’ सुरू केली. अशा मुलांच्या पालकांना तिचा मोठा आधार असतो. त्यांच्या नाट्यसंस्थेने २०१४ मध्ये ‘सी हाऊ दे रन’ हे जुने प्रहसन रंगमंचावर आणले. सारे नट कमी उंचीचे, नेपथ्यही त्याच मापाचे, आणि पात्रांच्या उंचीचा कथेशी काडीचाही संबंध नाही. परीकथेतले बुटके सोडून बाकी भूमिका आम्हाला का नकोत, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी असे करून दाखवले.

वाद संपलेला नाही

परीकथेतल्या भूमिकांबाबत या कलाकारांमध्येच एकमत नाही. ‘स्नो व्हाइट’च्या नव्या आवृत्तीवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’फेम पीटर डिंकलेज यांनी २०२२ मध्ये टीका केली. पुढे डिस्नेने सातही बुटके संगणकावर घडवले, तेव्हा हातची कामे गेल्याची तक्रार इतरांनी केली. ‘वाँका’त तर उंचपुऱ्या ह्यू ग्रँट यांनाच तंत्राने छोटे करण्यात आले. आपल्याकडे ‘अप्पू राजा’त कमल हासन आणि ‘झीरो’त शाहरुख खान यांनी अशा भूमिका केल्या. त्यांच्या कौशल्याची वाहवा झाली, पण खऱ्या बुटक्या नटाला हिंदी चित्रपटात बहुतेकदा हशापुरतेच उभे केले गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंचीच्या, जनुकीय कारणाने बुटक्या राहिलेल्या प्रौढांना दिव्यांग मानले आहे.

पुढे काय?

डेव्हिस यांची अलीकडची वर्षे कठीण गेली. ‘विलो’ची २०२२ मधील वेबमालिका काही महिन्यांतच डिस्नेने मंचावरून काढून टाकली. मार्च २०२४ मध्ये समँथा यांचे निधन झाले. अखेरच्या ‘हॅरी पॉटर’मध्ये ग्रिंगॉट्सच्या दृश्यांत त्याही एका पात्राच्या मुखवट्याआड होत्या. ‘बाफ्टा’ स्वीकारताना डेव्हिस यांनी त्यांची आठवण काढली. त्यानंतर ‘एचबीओ’च्या नव्या ‘हॅरी पॉटर’ मालिकेसाठी त्यांची निवड जाहीर झाली आहे, भूमिका पुन्हा प्राध्यापक फ्लिटविक यांचीच.