कांदेबाग म्हणजे काय?

स्पर्धा साडेदहाची, पण नऊपासूनच व्हरांड्यात मुलं भिंतीकडे तोंड करून पुटपुटू लागतात. कुणाच्या हातात वहीचं फाडलेलं पान, बहुतेकांच्या हातात मोबाइल. जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातली ही स्वरचित काव्यवाचन स्पर्धा. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो, त्यामुळे त्या सुमारास गावोगावी अशा स्पर्धा भरतात.

क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. पहिली चिठ्ठी कुणालाच नको असते. वेळ पाच मिनिटं; चौथ्या मिनिटाला एक घंटा, पाचव्याला दोन. परीक्षकांपुढच्या कागदावर तीन रकाने असतात : आशय, अभिव्यक्ती, सादरीकरण.

या तिसऱ्या रकान्याशी जपूनच वागावं लागतं. आवाज चढवला, हात उंचावला की सभागृहात टाळ्या पडतात आणि कवितेतली पोकळी झाकली जाते. उलट एखादा मुलगा खाली मान घालून, कागद थरथरत असताना, फार चांगलं काही वाचून जातो आणि ते मागच्या रांगेपर्यंत पोचतच नाही. म्हणून जाणते परीक्षक कवितांच्या प्रती आधीच मागून घेतात. कानांनी ऐकलेली कविता डोळ्यांनी पुन्हा वाचली की बरेच गुण बदलतात.

विषय ठरलेले : आई, पाऊस, शेतकरी बाप, पहिलं प्रेम. ते शिळे म्हणून नाक मुरडणं बरोबर नाही. या मुलांच्या घरी तो बाप खरोखरच आहे, पहाटे विजेच्या वेळेला मोटर सुरू करायला जाणारा. शिळेपणा येतो तो उसन्या शब्दांमुळे. बापाच्या हाताला घरात जो वास येतो, तो सोडून मूल पुस्तकातलं ‘काळ्या आईचं लेकरू’ लिहून मोकळं होतं.

तेराव्या क्रमांकावर आलेल्या मुलीने तसं केलं नाही. तिच्या कवितेत केळीचे घड वाहणारा माणूस होता, चिकाने काळे पडलेले त्याचे सदरे होते, आणि मधेच शब्द आला ‘कांदेबाग’. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी वाचन संपल्यावर विचारलं, “कांदेबाग म्हणजे कांद्याचा मळा का गं?” “नाही सर, केळीचाच. पावसाळा सरता सरता लावतात ती कांदेबाग. पावसाच्या तोंडी लावली तर मृगबाग.” सगळं सभागृह खुलून हसलं. तो शब्द तिथल्या प्रत्येकाच्या घरातला होता, फक्त कवितेत तो चालतो हे अनेकांना तेव्हाच कळलं. परीक्षकांनी तो समासात लिहून घेतला.

ज्या विद्यापीठाची पदवी ही मुलं घेणार, त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. शेतात, जात्यावर सुचलेल्या त्यांच्या ओव्या १९५१ साली त्यांचं निधन झाल्यावर, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. याच जळगावात १९०७ साली कविसंमेलन भरलं होतं. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तिथे कविता म्हटल्या, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वे अपघातात तो गेला, पण मराठीने त्याला त्याच नावाने सांभाळलं. मोठ्या माणसाने पोराची कविता मन लावून ऐकली, त्यातून ते नाव आलं.

आजच्या स्पर्धेत निकालाची घाई असते. तीन क्रमांक, दोन उत्तेजनार्थ, स्मृतिचिन्हं, छायाचित्र. उरलेली मुलं शेवटची एसटी गाठायला पळतात. आपल्या कवितेतली कोणती ओळ कुणाला भावली, हे न कळताच. त्या दिवशी मात्र परीक्षक पायऱ्यांवर बसले आणि एकेकाला त्याचा कागद परत दिला. प्रत्येकावर पेन्सिलीने एखादा शब्द अधोरेखित केलेला होता. कांदेबागवाल्या मुलीला क्रमांक मिळाला नाही. तिने तो कागद घडी न घालता वहीत ठेवला.

स्पर्धा भरवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे : पाहुण्यांची भाषणं अर्ध्या तासाने कमी करा, तो अर्धा तास मुलांशी बोलायला परीक्षकांना द्या; आणि महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात पहिल्या तिघांच्याच नव्हे, सगळ्यांच्या कविता छापा.